पडद्यावरची गोदावरी

दादासाहेब फाळके हे नाव कानावर पडले की बहुतेकांना ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो, नाहीतर त्यांच्या नावाने दिला जाणारा तो मोठा पुरस्कार. मला मात्र शाळेच्या व्हरांड्यात दोन खिळ्यांना ताणून बांधलेली एक पांढरी चादर आठवते आणि त्या चादरीपुढे हात जोडून उभी राहिलेली एक म्हातारी.

मी बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या एका गावी भूगोल शिकवत होतो. १९७२ च्या दुष्काळानंतरची ती वर्षे. आमचा जिल्हा दोन पाण्यांचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. घाटाखाली मलकापूर, खामगाव, जळगाव जामोदकडे पडणारा पाऊस पूर्णेतून तापीला आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्राला जातो. घाटावर मेहकर-चिखलीकडे पडणारा पाऊस पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेने गोदावरीला मिळतो आणि थेट पूर्वेचा समुद्र गाठतो. लोणारचे सरोवर तेवढे आपले पाणी कुणालाच देत नाही. हे सगळे मी फळ्यावर खडूने काढून दाखवायचो. मुले वहीत उतरवून घ्यायची. पण ज्या पोरांनी उन्हाळ्यात पैनगंगेच्या वाळूत झिरे खणून पाणी भरले होते, त्यांना समुद्र म्हणजे काय हे खडूने कसे सांगायचे?

म्हणून मी तालुक्याच्या ठिकाणाहून १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि माहितीपटांचे डबे आणू लागलो. एसटीच्या टपावर डबे, मांडीवर प्रोजेक्टर. वीज असली तर बरे, नसली तर सगळे गाव नुसतेच बसून घरी जाई. हिमालय, केरळचे बॅकवॉटर, कच्छचे रण, जोगचा धबधबा असे एकेक दाखवायचो आणि फितीतला इंग्रजी आवाज बारीक करून स्वतःच मराठीत सांगायचो. माणसे चादरीच्या दोन्ही बाजूंना बसत. मागच्या बाजूच्या लोकांना अक्षरे उलटी दिसत, पण अक्षर वाचायला आले होते कोण?

एका रात्री गोदावरीवरचा माहितीपट लावला होता. ब्रह्मगिरी दिसला, त्र्यंबकेश्वराचे मंदिर दिसले, मग कुशावर्ताच्या पायऱ्या. तेवढ्यात पुढे बसलेली एक म्हातारी उठली, चादरीजवळ गेली, तिने चादरीचा काठ दोन्ही डोळ्यांना लावला आणि हात जोडून तिथेच उभी राहिली. सिंहस्थाला त्र्यंबकला जायचे तिच्या मनात सून असल्यापासून होते. ते कधी घडले नव्हते. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि तिकडे फीत अडकली. प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर फीत क्षणभर थांबली तरी पुरते. कुशावर्ताच्या मधोमध एक तपकिरी डाग उमटला, पसरत गेला आणि पाणी, पायऱ्या सगळे वितळून गेले. गोदावरी जळाली का, असे त्या म्हातारीने मला फार काळजीने विचारले.

मी खराब झालेला वीतभर तुकडा कापला, दोन टोके जोडली आणि उरलेला माहितीपट दाखवला. वीतभर फीत म्हणजे पडद्यावर जेमतेम सव्वा सेकंद. डबा परत करताना त्याची नोंद मी केली नाही. भरपाई मागतील, पुढच्या वेळी डबा देणार नाहीत, अशी भीती होती. तो तुकडा माझ्या कंपासपेटीत पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात एकाने विचारले, आपल्याकडे नद्या-डोंगरांची अशी हलती चित्रे काढायला कुणी सुरुवात केली? मला सांगता आले नाही. त्या प्रश्नामागे लागून मी फाळके यांच्या आयुष्यापर्यंत पोचलो.

त्र्यंबकचा मुलगा

ज्या कुशावर्ताचे चित्र माझ्या हातून जळाले, त्याच त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. पुढे मुंबईत विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची जागा त्यांना मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. म्हणजे घर शिकवणाऱ्याचे. मुलाचा ओढा मात्र पोथीपेक्षा चित्राकडे. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, तिथून थोरल्या भावाकडे बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असे हाताला लागेल ते शिकत राहिला.

पुढची पंधरा-वीस वर्षे पाहिली तर वाटते, या माणसाचा कुठेच पाय टिकला नाही. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोन्ही नेले. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ थाटला तर फोटो काढल्याने माणसाचे आयुष्य ओढले जाते, या समजुतीपायी गिऱ्हाईक फिरकेना. मग एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोग करू लागले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर सासरी सरस्वती झाल्या. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे-आराखडे काढणारे म्हणून नोकरी लागली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छपाईचे काम केले. पुढे मुंबईत भागीदारीत लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभे केले, रंगीत छपाईसाठी १९०९ साली जर्मनीची वारी केली. भागीदाराशी पटले नाही तेव्हा चालता धंदाही सोडून दिला.

वरवर पाहता ही धरसोड. पण शिक्षकाच्या नजरेने मला त्यात एक सलग धागा दिसतो. चित्र, छायाचित्र, ठसा, जादू, जुन्या वास्तूंची नोंद, रंगीत छपाई, या सगळ्यांत काम एकच होते. समोरच्याने जे पाहिले नाही ते त्याच्या डोळ्यांपुढे आणून ठेवायचे. फाळके कुठल्या शाळेत मास्तर झाले नाहीत. पण दाखवण्याची ही तळमळ मास्तराचीच आहे.

प्राण्यांचा खेळ

भारतीय सिनेमाचा उगम ख्रिस्ताच्या जीवनावरच्या चित्रपटात सांगितला जातो आणि ते खरेही आहे. पण त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. १४ एप्रिल १९११ रोजी फाळके आपला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. त्या दिवशी खेळ होता प्राण्यांचा. पडद्यावर जिवंत जनावरे हलताना पाहून मुलगा हरखला आणि घरी येऊन आईला सांगू लागला. घरात कुणाचा विश्वास बसेना. तेव्हा दुसऱ्या दिवशी फाळके यांनी सगळ्या घरालाच तिकडे नेले. ईस्टरचे दिवस असल्याने त्या दिवशी प्राण्यांऐवजी ख्रिस्ताचे जीवन लावले होते. ते पाहताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले.

म्हणजे उगमाच्या वर आणखी एक झरा आहे आणि तो निसर्गाचा आहे. एक मूल काहीतरी अद्भुत पाहून घरी येते, घरचे त्याला खोटे ठरवतात आणि बाप त्याची बाजू घेऊन सगळ्यांना दाखवायला नेतो. वर्गात समुद्राची गोष्ट सांगणाऱ्या मला ही हकिगत फार जवळची वाटते.

पडद्यावर चित्रे दाखवणारे फाळके पहिले नव्हेत, हेही सांगायला हवे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन शांबरिक खरोलिका या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ दिव्याच्या प्रकाशात करत. ल्युमिएर बंधूंची चलत्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ साली मुंबईत कुस्तीचे चित्रण केले होते. फाळके यांनी त्यापुढे जाऊन या कलेचा सगळा संसार, कच्च्या फितीपासून पडद्यापर्यंत, आपल्या घरात उभा केला.

कुंडीतला वाटाणा

त्या घराने काय सोसले ते वाचताना मन थबकते. मिळेल तो चित्रपट फाळके पाहत, रात्री घरी भिंतीवर फिती दाखवून त्यांचा अभ्यास करत. झोप दोन-तीन तासांची. डोळे सुजले, दिसेनासे झाले. वेळीच उपचार मिळाले म्हणून दृष्टी परत आली. पण पाहण्याचा धडा घेतल्यावरही हा माणूस थांबला नाही. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडन गाठायला निघाले. तिथे बायोस्कोप साप्ताहिकाच्या संपादकांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असेच सुचवले, मग त्यांची जिद्द पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळ्या मनाने दाखवला. विल्यमसन कॅमेरा ५० पौंडांना घेऊन, कच्च्या फितीची मागणी नोंदवून फाळके परतले. १ एप्रिल १९१२ रोजी फाळके फिल्म्स कंपनी सुरू झाली.

यंत्र आले, पण चित्रपटासाठी पैसा कोण देणार? लोकांना पटेल असे काहीतरी दाखवायला हवे होते. अशा वेळी दुसऱ्या कुणी राजवाडा उभारला असता, लढाई दाखवली असती. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा कुंडीपुढे रोवून ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपली. बी फुटले, कोंब वर आला, वेल चढला. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी धावत. त्यामुळे महिनाभराची वाढ पाहणाऱ्यांपुढे मिनिटभराच्या खेळात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या चित्रपटाचे नाव. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज दिले. ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो त्या वाटाण्याच्या वेलाच्या आधाराने.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना हा प्रसंग सांगितला की ती खुश होत. पेरलेले उगवते हे त्यांना कुणी सांगायला नको होते. पण उगवताना बी प्रत्यक्ष हलते, मान वळवते, उजेड शोधते, हे त्यांच्या आज्यालाही दिसले नव्हते. जे फार दूर आहे ते जवळ आणणे ही या यंत्राची एक करामत. जे अगदी जवळ असून फार सावकाश घडते, ते दाखवणे ही दुसरी. फाळके यांनी ती पहिल्याच पावलाला ओळखली.

या सगळ्यात सरस्वतीबाईंचा वाटा अर्ध्याहून कमी नाही. कच्च्या फितीला कडेची भोके पाडलेली नसत. ती रात्री अंधारात बसून त्या पाडत. रसायने कालवत, फिती धूत. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांवर प्रकाश पाडत. वर कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. अंगावरचे दागिनेही त्यांनी या कामी दिले. आमच्या शाळेच्या चादरीने आमचे काम केले, तर दादरच्या घरातल्या चादरींनी एका कलेच्या जन्माला हातभार लावला.

‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. बाई मिळेना म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी फाळके यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. ते पुन्हा आपल्या नदीकाठी आले.

छोट्या फितींची शाळा

नाशिकचे फाळके म्हणजे ‘लंका दहन’, ‘कालिया मर्दन’ आणि त्यात बाळकृष्ण झालेली त्यांची लहानगी मंदाकिनी. एकोणीस-वीस वर्षांत नव्वदच्या वर मोठे चित्रपट त्यांच्या हातून झाले. पण त्याच काळात त्यांनी पंचवीसच्या आसपास छोटे चित्रपटही केले आणि माझा जीव त्यांच्यात गुंतला आहे. त्यात ‘नाशिक-त्र्यंबक येथील देखावे’ आहेत. सिंहस्थाचा मेळा आहे. कार्तिकी पौर्णिमेचा उत्सव आहे. तळेगावचा काच कारखाना आहे. आगकाड्यांच्या करामती आहेत, प्रोफेसर केळफांची जादू आहे. चित्रपट कसे तयार होतात तेही त्यांनी चित्रपट काढूनच दाखवले.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी वाटली. भूगोल, उद्योग, सण, विज्ञान, करमणूक. देवादिकांच्या चित्रपटांनी घर चालत होते आणि या छोट्या फिती त्या मोठ्या जेवणासोबतच्या कोशिंबिरीसारख्या वाढल्या जात होत्या. पण ज्या माणसाने कधी तालुक्याची वेस ओलांडली नाही त्याला त्र्यंबक दाखवायचे, ज्याने काचेची बाटली फक्त दुकानात पाहिली त्याला भट्टी दाखवायची, हा विचार धंद्याचा नसतो.

धंद्याने त्यांना फारसे सांभाळलेही नाही. १ जानेवारी १९१८ पासून भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी चालू झाली, पण पैसा घालणारे आणि जीव ओतणारे यांचे हिशेब जुळेनात. ते कंपनी सोडून काशीला गेले, नाटक लिहिले, पुन्हा परतले. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि मूकपटांचा जमाना सरला. सदुसष्टाव्या वर्षी कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी एकच बोलपट केला. १९३७ सालच्या त्या शेवटच्या चित्रपटाचे नाव ‘गंगावतरण’. त्र्यंबकच्या मुलाने शेवट केला तोही डोंगरावरून उतरणाऱ्या नदीने. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले, तेव्हा चित्रपटाच्या झगमगाटातले फार थोडे लोक त्यांना आठवत होते.

सन्मान पुढे आले. १९६९ साली त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला, १९७१ साली टपाल तिकीट निघाले, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक झाले, गोरेगावच्या चित्रनगरीला नाव मिळाले. नाव राहिले, काम मात्र फार थोडे राहिले. त्या काळची फीत नायट्रेटची. ती झटकन पेटे, न पेटली तर डब्यातच चिकट होऊन भुगा होई, आणि तिच्यातली चांदी काढून विकणारेही होते. १९६४ साली पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले तोवर आपल्याकडच्या हजारावर मूकपटांतले बहुतेक गेले होते. पी. के. नायर यांनी गावोगाव शोधून, फाळके कुटुंबाकडूनही मिळवून, जे काही वाचवले त्यावर आज आपली सगळी भिस्त आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चीही सगळी रिळे उरलेली नाहीत.

हे वाचले त्या दिवशी मी कंपासपेटी काढली. तो वीतभर तुकडा खिडकीच्या उजेडात धरला. जळालेल्या डागाच्या अलीकडे दहा-बारा चौकटी शाबूत होत्या. कुशावर्ताच्या पायऱ्या, आणि ओंजळ भरणारी कुणी एक बाई. त्या माहितीपटाच्या इतर प्रती कुठे ना कुठे होत्या, असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावत आलो होतो. पण फाळके यांच्या फितीही अशाच गेल्या असतील, एकाच आगीत नव्हे तर वीत वीत, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी नोंद न करता डबा बंद केला असेल. माझा अपराध सव्वा सेकंदाचा होता, पण जात तीच होती.

आज माझी नात मोबाइलवर जगातले सगळे धबधबे पाहते. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा त्याची चित्रे जगभर फिरली. त्याच वर्षी सरोवराला रामसरच्या यादीत जागा मिळाली. दाखवणाऱ्यांची आता वाण नाही. तरी मला वाटते, फाळके यांच्याकडून घ्यायचे ते अजून बाकी आहे. एका वाटाण्यापुढे महिनाभर थांबण्याची तयारी, आणि आपल्या नदीची, आपल्या सणाची, आपल्या कारखान्याची चित्रे देवादिकांच्या पंगतीला बसवण्याची हिंमत. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर एखादा जुना फितीचा डबा असेल, लग्नाचा, यात्रेचा, धरणाच्या बांधकामाचा. तो रद्दीत देण्याआधी एकदा उजेडात धरून पाहावा. त्यात कुणाची तरी गोदावरी असेल.

ती म्हातारी पुढे त्र्यंबकला गेलीच नाही. त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि पैनगंगा भरून वाहिली. मी एकदा तिला नदीकाठी गाठून सांगितले की आजी, हे पाणी वर्धेला मिळते, मग प्राणहिता होऊन गोदावरीतच जाते. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने चादरीचा काठ लावला होता तसेच ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले.